घारीच्या मानेवरचा पहारेकरी

मित्रांनो, मी एक जुना पहारेकरी आहे. माझ्या हातात काठी नाही, कारण मला हातच नाहीत. आकाराने मी कोटाच्या बटणाएवढा, रंगाने राखाडी, आणि एका कडेला माझा टवका उडालेला आहे. मी माणसाच्या मानगुटीवर बसतो. घाबरू नका, भूत बसतं तसा नाही. भूत एकदा बसलं की उतरायचं नाव घेत नाही; मला मात्र संध्याकाळी काढून टेबलावर ठेवतात आणि वायर लावून माझं पोट भरतात. माझं काम एकच. मान वाकली की थरथरायचं, म्हणजे माणसाला आठवण होते आणि तो सरळ होतो.

मला डोळे नाहीत. मला फक्त कल कळतो आणि कातडीतून, नाहीतर ज्यावर ठेवाल त्या टेबलातून, पोचणारे आवाज कळतात. रडणाऱ्या माणसाची मान वेगळी कलते, डुलकी घेणाऱ्याची वेगळी, आणि फोन बघणाऱ्याची तर मी झोपेतही ओळखेन. तेव्हा या गोष्टीत जे काही दिसल्यासारखं सांगेन, ते मी नंतर एका बहिणीच्या आणि भावाच्या तोंडून ऐकलेलं आहे, हे ध्यानात असू द्या.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे सगळ्यांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या होत्या आणि कोणी फारसं बोलत नसे. माझ्या पोटात कल ओळखणारी चिप बसवली, मसुराएवढी एक थरथरणारी मोटर बसवली आणि नखाएवढी बॅटरी. मग एका हलत्या फळीवर ठेवून मला पुढे, मागे, कुशीवर असं कलवलं. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, हा चोख आहे, आणि मला खोक्यात टाकलं. त्या एका शब्दाचा मला आजही अभिमान आहे. पुढे जे घडलं त्यात माझा चोखपणा तसूभरही कमी पडला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

फक्त एक गोष्ट त्या खोलीत मला कोणी शिकवली नाही. सरळ म्हणजे काय, ते. प्रत्येकाची मान वेगळी, म्हणून ते ज्याचं त्याने शिकवायचं असतं. पहिल्या दिवशी माणूस मला मानेवर चिकटवतो, सरळ बसतो, आणि फोनच्या पडद्यावरचं बटण दाबून मला सांगतो की हे बघ, हे सरळ. त्या घडीपासून तेच माझं सरळ. मान त्याच्या पुढे गेली किंवा मागे गेली, की मी थरथरणार. मी वाद घालत नाही आणि शंकाही घेत नाही.

मला विकत घेतलं एका थोरल्या भावाने. सगळे त्याला दादा म्हणत, वयाने मोठी माणसंसुद्धा. उंच इमारतींच्या बांधकामावर तो सिग्नलवाला होता. म्हणजे क्रेनने ओझं उचललं की त्याच्याकडे बघत राहायचं आणि वर केबिनमध्ये बसलेल्या चालकाला वॉकीटॉकीवरून सांगायचं, वर घे, डावीकडे घे, थांब. त्या क्रेनच्या केबिनमध्ये जी बसायची ती त्याचीच धाकटी बहीण. साइटवर तिला सगळे घार म्हणत. नाव कोणी ठेवलं कोण जाणे, पण चपखल होतं. सकाळी ती शिडीने जी वर जाई ती दिवस मावळतानाच खाली येई.

ते वर राहणंही समजून घ्या. टॉवर क्रेनची शिडी चढायलाच इतका वेळ लागतो की जेवायला म्हणून कोणी खाली उतरत नाही. डबा वरच, पाणी वरच, आणि ओझं बांधून होईपर्यंत वाट बघायची तीही वरच. काच, दोन दांडे, एक खुर्ची आणि पायाखाली सगळं जग. घारीला ती केबिन जिवापाड प्यारी होती. एके काळी ती खाली सळ्या बांधायची आणि दिवसभर कोणाकोणाची बोलणी खायची. परीक्षा देऊन, लोकांच्या नाकावर टिच्चून ती वर पोचली होती. वर कोणी ओरडत नाही, असं ती म्हणायची, आणि तेवढ्या एका वाक्यात तिचं सगळं सुख आलं.

पण वाट बघणं वाईट, मित्रांनो. रिकाम्या हाताला फोन लगेच सापडतो. घारीची शिस्त कडक होती, ओझं हवेत असताना फोन पिशवीतच. ओझं खाली टेकलं, की मांडीवर. आधी शाळेतून आलेल्या लेकीचा चेहरा बघायचा. लेक दिवसा आजीजवळ राहायची आणि फोनवरूनच धडा वाचून दाखवायची. घार कितीही उंच गेली तरी तिचा जीव पिलातच असायचा, त्यात नवल ते काय. पण लेकीचा धडा दोन पानांचा, आणि त्यानंतर जे सुरू व्हायचं त्याला पानं नव्हती. कोणाची मांजरं, कोणाची भांडणं, कोणी दाराला रंग कसा दिला ते. बोट सरकत राहायचं आणि मान खाली खाली जायची. संध्याकाळी तिचं डोकं ठणकायचं. म्हणून दादाने मला आणलं.

मला वापरायचं कसं, ते खोक्यात लिहिलेलं नव्हतं. ते फोनवर वाचायचं होतं. एका दुपारी खाली सळ्या बांधायचं काम रेंगाळलं होतं, तेव्हा घारीने मला मानेवर चिकटवलं आणि फोन मांडीवर घेतला. पडद्यावर लिहिलं होतं, पाठ ताठ ठेवा. तिने ठेवली. समोर बघा. तिने बघितलं. आता खालचं बटण दाबा. आता समोर बघत बटण कसं दिसणार? तिने मान वाकवली, बटण शोधलं आणि दाबलं.

तो क्षण नीट लक्षात ठेवा. तिची मान त्या वेळी मांडीवरच्या फोनकडे झुकलेली होती, आणि मला सांगण्यात आलं, हे सरळ.

मी मान्य केलं. मला काय ठाऊक?

त्या दिवसापासून मी इमानेइतबारे काम सुरू केलं. ती फोनवर वाकली की मी गप्प. ती सरळ बसली की मी थरथरत असे. ती त्याहूनही खाली वाकली, चप्पल शोधायला म्हणा, तरी थरथरत असे, त्यामुळे माझ्यावर संशय येण्याचं कारण नव्हतं. पहिले काही दिवस तिला नवल वाटलं. आपण फारच ताठ होतोय वाटतं, असं पुटपुटत ती मान जरा सैल सोडायची, आणि मी शांत व्हायचो. मग तेच अंगवळणी पडलं. थरथर आली की तिची मान विचार न करता पुढे झुकायची. नव्याचे नऊ दिवस संपल्यावर लोक माझ्यासारख्याला विसरतात. घार नाही विसरली. इतकी गुणी शिष्या मला पुन्हा मिळणार नाही, आणि हेच तर वाईट झालं.

फोनवर माझ्या नावाचं एक पान होतं. मान नीट राहिली की ते हिरवं व्हायचं आणि खाली शाबास असं यायचं. घारीचं पान रोज हिरवंगार. ती ते दादाला दाखवायची आणि दादा साऱ्या साइटला. बघा, वस्तू घ्यावी तर अशी, असं तो छाती फुगवून सांगायचा. माझी स्तुती झाली की मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

डोकं मात्र ठणकतच होतं. मग मान एका बाजूला वळेनाशी झाली. मग डाव्या हाताच्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या यायला लागल्या. आधी सकाळी उठल्यावर, मग डबा खाताना, मग कधीही. मला ते तिच्या मानेतल्या ताणावरून कळायचं. ती हात झटकायची, बोटं चोळायची, डबा उजव्या हाताने उघडायची. लेकीने विचारलं तर म्हणायची, झोपेत हात दबला. पण दादाला तिने ताकास तूर लागू दिली नाही.

का, तेही सांगतो. क्रेन चालवणाऱ्याची दर वर्षी तपासणी होते आणि ती जवळ आली होती. हाताला मुंग्या येतात म्हटलं की केबिन गेली. दादाला सांगितलं तर तो सिग्नलवाला, त्याच्या भरवशावर ओझ्याखालची माणसं काम करणार. त्याला गप्प बसता आलं नसतं, आणि बहिणीबद्दल बोलताही आलं नसतं. त्याला अशा कात्रीत धरण्यापेक्षा आपणच सोसू, असं तिने ठरवलं. शिवाय पान हिरवं होतं. हिरवं आहे म्हणजे सुधारत असणार, असं ती स्वतःला समजावायची. माणूस दुखण्यावर विश्वास ठेवत नाही, पण पडद्यावर ठेवतो.

त्या दिवशी सकाळपासून वारा होता. वारा एका मर्यादेपलीकडे गेला की क्रेन थांबवतात, म्हणून सगळ्यांची घाई चाललेली. शेवटचा एक पाइपांचा भारा नव्या मजल्यावर पोचवायचा होता. तो मजला केबिनच्या जवळपास बरोबरीने आलेला, त्यामुळे दादा त्या दिवशी खाली नव्हता, त्या मजल्यावर उभा होता. त्याच्या पाठीशी नुकतीच उभी केलेली भिंत आणि समोर कठडा. भारा कठड्यावरून आत घ्यायचा आणि टेकवायचा. असं काम त्या दोघांनी किती वेळा केलं असेल, त्याला गणतीच नाही.

घारीच्या उजव्या हातातल्या दांड्याने ओझं वरखाली होतं. डाव्या हातातल्या दांड्याने क्रेनचा लांब हात फिरतो आणि ओझं त्या हातावरून पुढेमागे सरकतं. दांडा सोडला की तो आपोआप मध्ये येतो आणि हालचाल थांबते. सोडला तर.

भारा वर आला. दादाचा आवाज शांत होता. ये. ये. हळू ये. भारा कठडा ओलांडून आत शिरला. आता तिला दादा आणि भारा दोन्ही समोर दिसायला हवे होते, म्हणून घारीने मान वर केली, अगदी ताठ.

आणि मी थरथरलो.

कसोशीने थरथरलो. माझ्या हिशेबी ती चुकत होती. तिची मान सवयीने झुकली आणि एक निमिषभर तिच्या नजरेत दादा नव्हता, पायाखालची काच होती. त्याच निमिषात वॉकीटॉकीवर आवाज आला.

"थांब."

तिने डावा हात उचलला. म्हणजे तिला तसं वाटलं. त्या हाताच्या दोन बोटांना सकाळपासून काही कळत नव्हतं. हात दांड्यावरच होता आणि तळव्याची कड दांडा पुढे रेटत होती.

"थांब म्हटलं ना."

"थांबलेय, दादा."

मित्रांनो, तिचा गळा माझ्यापासून चार बोटांवर. त्या आवाजात खोटेपणाचा लवलेश नव्हता. ती मनापासून थांबलेली होती आणि भारा दादाकडे चाललेला होता. दादाच्या मागे भिंत होती. मी बिनडोळ्याचा, पण तिच्या मानेतली नाडी मला कळत होती, आणि ती नाडी अजूनही संथ होती. त्याहून भयंकर काही मी आजवर अनुभवलेलं नाही.

मग तिने मान वर केली. मी पुन्हा थरथरलो. या वेळी तिने मला जुमानलं नाही. तिला भारा सरकताना दिसला. तिने वारा असेल म्हणून बाहेर बघितलं नाही. तिने आपल्या हाताकडे बघितलं, परक्याचा हात बघावा तसं. नाडीचा ठोका चुकला. पुढच्याच क्षणी तिच्या उजव्या मुठीने लाल बटणावर घाव घातला आणि सगळी क्रेन हादरून थांबली.

क्रेन थांबली, भारा नाही. लोंबकळणारं ओझं एकदम थांबत नाही, झोका घेतं. तो भारा पुढे गेला, भिंतीला खणकन लागला आणि मागे आला. दादा जिथे उभा होता तिथे आता कोणी नव्हतं. घारीने श्वास धरला होता. वॉकीटॉकीवर नुसती खरखर. 

"आहे," दादा म्हणाला. "मी आहे. आडवा झालो होतो."

घारीच्या घशातून आवाज आला तो रडण्याचा होता की श्वासाचा, मला सांगता येणार नाही. पण आता जे झालं ते मी अक्षरशः सांगतो. वॉकीटॉकी एकट्यादुकट्याची नसते. खालची माणसं, वरची माणसं, साइटचे इंजिनिअर, सगळ्यांना त्यावरचं ऐकू जातं. इंजिनिअरांनी विचारलं, काय झालं? आणि घारीने तोंड उघडायच्या आत दादाच बोलला.

"वारा होता, साहेब. वाऱ्यामुळे भाऱ्याने झोका घेतला. चालकाची चूक नाही."

तिला सगळं फुकट मिळालं होतं. केबिन, खुर्ची, दांडे, नाव. भावाने जमिनीवर पालथं पडल्या पडल्या तिची केबिन वाचवली होती. तिने फक्त हो म्हणायचं होतं, किंवा काहीच म्हणायचं नव्हतं. तपासणी कशीबशी निभावून नेता आली असती. मला तिच्या मानेचा कल कळत होता. ती आधी खाली गेली, लाज वाटलेल्या माणसाची जाते तशी. मग हळूहळू वर आली. मी थरथरत होतो तरी वरच राहिली.

तिने वॉकीटॉकीचं बटण दाबलं. "वारा नव्हता, साहेब. माझ्या डाव्या हाताला काही कळत नाही. बरेच दिवस झाले. दादाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या चालकाला वर पाठवा, मी आता दांड्याला हात लावणार नाही."

वर कोणी ओरडत नाही, हे खरं. त्या वेळीही कोणी ओरडलं नाही. 

दुसरा चालक वर आला, त्याने भारा सांभाळून खाली टेकवला. मग प्रश्न होता घारीला उतरवण्याचा. कमरेला सुरक्षेचा पट्टा होता, तरी शिडी लांबच लांब आणि पकडीला एकच धड हात. दादा मजल्यावरून खाली उतरून पुन्हा क्रेनची शिडी चढून आला आणि तिच्या खालच्या पायरीवर राहून तिच्याबरोबर उतरत गेला. पाय टेकला का, विचारायचा, मगच स्वतः खाली सरकायचा.  जमिनीवर पोचल्यावर म्हणाला, "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

 उत्तर दादा नुकताच सगळ्या साइटला ऐकवून बसला होता.

घरी गेल्यावर तिने मला ओरबाडून काढलं आणि कपाटाच्या खणात भिरकावलं. माझ्या कडेचा टवका उडाला तो तेव्हा. शाबास म्हणे, असं काहीतरी ती पुटपुटली. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मला वाटलं, आणि राग आला. जे शिकवलं ते मी पाळलं होतं. खणात जुन्या चाव्या होत्या, तुटलेला कंगवा होता, आणि माझी बॅटरी हळूहळू विझत होती. स्तुती ऐकायची सवय लागलेल्याला अंधार फार जड जातो. पण रागापेक्षा मला एक गोष्ट जास्त कुरतडत होती. मी चोख होतो, ती गुणी होती, दादा प्रेमळ होता, आणि तरी तो भारा भिंतीवर आदळला होता. मग चुकलं कुठे?

ते मला कळलं फिजिओथेरपीच्या खोलीत. हाडांच्या डॉक्टरांनी तपासून तिला तिथे पाठवलं होतं. तिथल्या बाई कमी बोलणाऱ्या आणि प्रश्न जास्त विचारणाऱ्या होत्या. त्यांनी समजावलं की डोकं पुढे झुकलं की त्याचा भार मानेमागच्या स्नायूंना पेलावा लागतो. भरलेली बादली अंगाजवळ धरून बघा आणि मग हात लांब करून धरा, तीच बादली जड होते. क्रेनच्या कामातही वाकावं लागतं, पण तिथे मान हलते तरी. फोनवर ती त्याच जागी गोठते. इतके दिवस ताण सोसून स्नायू आखडले होते आणि मानेतल्या नसेवर दाब आला होता. सुटेल, त्या म्हणाल्या, पण घाई करायची नाही.

मग घारीने माझं नाव काढलं, आणि ते नाव चांगलं नव्हतं. बाईंना नवल वाटलं. रोज हिरवं पान येत होतं तर मान इतकी वाईट कशी? त्यांनी मला घेऊन यायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला दादाने मला खणातून काढून, पोट भरून आणलं. बाई म्हणाल्या, पहिल्या दिवशी जसं लावलं होतं तसंच्या तसं लावून दाखवा.

घारीने मला मानेवर चिकटवलं. फोन मांडीवर घेतला. पाठ ताठ केली, समोर बघितलं, आणि बटण दाबायला मान वाकवली.

"हलू नका," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी दादाला बाजूने तिचा फोटो काढायला सांगितला.

दादाने फोटो काढला आणि बघत राहिला. मग तिच्यासमोर धरला. घारीने बघितला.  तिच्या मानेतून एक थंड लहर माझ्या अंगाखालून गेली, आणि मित्रांनो, माझ्याही पोटातली ती मसुराएवढी मोटर जागच्या जागी थिजली. इतके महिने मी वाकड्याची राखण केली होती आणि सरळावर भुंकत होतो.

बाईंनी घारीला भिंतीला पाठ लावून उभं केलं. टाचा, पाठ, डोक्याचा मागचा भाग. हनुवटी जराशी आत. आणि फोन तिच्या हातात दिला नाही. तो त्यांनी दादाकडे दिला. म्हणाल्या, ज्याला शिकायचंय त्याने समोर बघायचं, बटण दुसऱ्याने दाबायचं. दादाने विचारलं, दाबू? घार समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, दाब. त्या दिवशी मला पहिल्यांदा सरळ कळलं. ते मला परकं वाटलं. नव्या घराच्या दाराची कडी कुठे आहे ते हाताला कळत नाही, तसं.

मग लांबलचक महिने गेले. घार साइटवर सामानाची नोंद ठेवायच्या खोलीत बसायची, खिडकीतून क्रेन दिसायची, आणि ती शक्यतो खिडकीकडे पाठ करायची. व्यायाम रोज. फोन मांडीवरून उठला आणि डोळ्यांसमोरच्या फळीवर गेला. लेक आता शेजारी बसून धडा वाचायची. त्याउपर मांजरं बघायची झाली तर उभ्याने बघायची, असा लेकीनेच कायदा केला, आणि उभ्याने मांजरं फार वेळ बघवत नाहीत. पान सुरुवातीला लाललाल व्हायचं. शाबास तर दूरच. घार म्हणायची, लाल आहे ना, मग खरं बोलतोय. माझी आजवर झालेली सगळ्यात मोठी स्तुती हीच.

शेवटी तपासणीचा दिवस आला. डॉक्टरांनी मला काढायला सांगितलं, तेव्हा मी दादाच्या मुठीत होतो. घारीने डोळे मिटले होते आणि डॉक्टर कापसाच्या टोकाने तिच्या बोटांना स्पर्श करत होते. कुठलं, ते तिने सांगायचं. अंगठा, ती म्हणाली. मधलं. पुन्हा अंगठा. मग ती थांबली. दादाची मूठ घामाने ओली झाली. इतकी घट्ट आवळली होती त्याने की मला वाटलं, आता दुसराही टवका उडतो.

"करंगळी," घार म्हणाली. "अगदी कडेला."

दादाची मूठ सैल झाली.

आता ती पुन्हा वर बसते. मित्रांनो, मी मात्र थकलो. माझी बॅटरी आता दुपारपर्यंतही टिकत नाही, म्हणून मी लेकीच्या अभ्यासाच्या टेबलावर पडून असतो आणि संध्याकाळी त्या दोघांच्या गप्पा ऐकतो. माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासारखा कोणी तुमच्या मानेवर आला, तर त्याला सरळ काय ते एकट्याने शिकवू नका. वाकलेल्याला आपलं वाकणं दिसत नाही, मलाही दिसलं नव्हतं. कोणालातरी बाजूला उभं करा आणि विचारा. आणि बोटाला मुंग्या आल्या तर पडद्याकडे बघण्याआधी शेजारच्या माणसाला सांगा.

त्या दोघांनी साइटवर एक नवी रीत पाडली आहे, तीही सांगतो. घारीने डाव्या मनगटाला नारिंगी पट्टी बांधली आहे. दादा थांब म्हणाला की ती थांबलेय म्हणत नाही. ती दांडा सोडते, डावा हात उचलून उघडा तळवा केबिनच्या काचेला टेकवते आणि तसाच ठेवते.

"दिसला," दादा म्हणतो. मगच तो ओझ्याजवळ जातो.